सायनसच्या प्रत्येक रुग्णाची गंधक्षमता मोजली जावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर सायनसच्या जुनाट विकाराबद्दलचा लेख वाचला. डोकेदुखी, चोंदलेले नाक, घशात उतरणारा कफ आणि दुर्बिणीने होणारी शस्त्रक्रिया यांविषयीची माहिती सोपी आणि नेमकी आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र वास न येणे या लक्षणाची त्यात एका ओळीत बोळवण झाली आहे. तपासणीच्या खोलीतही बहुधा असेच घडते, हे मी नऊ वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकते.

मला नाकातील मांसांकुरांचा, म्हणजे पॉलिपचा, त्रास आहे. दर खेपेला नाक मोकळे आहे का, डोके दुखते का, झोप लागते का, हे विचारले जाई. वास येतो का, हे पहिल्या चार वर्षांत मला कोणीही विचारले नाही, आणि मीही आपणहून सांगितले नाही, कारण तो इतका सावकाश गेला की कधी गेला हे माझेच मला कळले नव्हते. एके दिवशी गॅसवर ठेवलेले दूध आटून पातेले करपले आणि मी त्याच खोलीत वाचत बसले होते. घरची माणसे बाहेरून धावत आली तेव्हा धूर माझ्या डोळ्यांना झोंबू लागला होता, पण नाकाला पत्ता नव्हता.

नाक चोंदले की वास जातो आणि मोकळे झाले की परत येतो, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. वास ओळखणारी ऊती नाकाच्या अगदी वरच्या भागात, एका अरुंद फटीत, काही चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागेत पसरलेली असते. तिथल्या चेतापेशींवर गंध टिपणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. अशा ग्राहकांच्या जनुकांचा मोठा परिवार लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये उजेडात आणला, त्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक काम करतात हे आज माहीत आहे. या चेतापेशी थेट हवेच्या संपर्कात असल्यामुळे सतत मरतात, आणि त्याच अस्तराच्या तळाशी असलेल्या मूलपेशी त्यांच्या जागी नव्या चेतापेशी आयुष्यभर घडवत राहतात. मेंदूशी जोडलेल्या चेतापेशी अशा पुन्हा पुन्हा जन्म घेतात ही गोष्ट मला अजूनही थक्क करते. मग प्रश्न उरतो तो असा, की नव्या पेशी घडवण्याची सोय असताना जुनाट सायनसच्या रुग्णाचा वास वर्षानुवर्षे का परत येत नाही?

या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जे काम झाले आहे, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचायला हवे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या गंध-अस्तरात दीर्घकाळ दाह घडवून आणला आणि 2019 मध्ये असे दाखवून दिले, की दाह चालू राहिला तर तळाच्या मूलपेशी चेतापेशी घडवण्याचे काम बाजूला ठेवून प्रतिकारशक्तीच्या पेशींना बोलावणारे संदेश सोडू लागतात. जणू कारागिरांनी हातातली अवजारे टाकून पहाऱ्याला उभे राहावे. त्याआधी 2018 मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी रुग्णांच्या मांसांकुरांतील एकेक पेशी वेगळी करून तपासली, तेव्हा त्यांतील तळाच्या मूलपेशींमध्ये दाहाची जणू आठवण साठून राहिल्याचे त्यांना आढळले. कोविडनंतर ज्यांचा वास परतलाच नाही अशांच्या गंध-अस्तराचे सूक्ष्म नमुने ड्यूक विद्यापीठात घेतले गेले. विषाणूचा मागमूस नसतानाही तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ठाण मांडून होत्या आणि चेतापेशींची संख्या रोडावली होती, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आजार वेगवेगळे असले तरी दाह रेंगाळला की दुरुस्ती अडते, याच दिशेने हे सारे बोट दाखवते.

हे मी माझ्या नाकात अनुभवले आहे. एकदा मला दाह कमी करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला गेला. पाचव्या दिवशी सकाळी तोंड धुताना ओंजळीतल्या साबणाचा वास आला, आणि मी नळ तसाच वाहता ठेवून कितीतरी वेळ तळहात नाकाशी धरून उभी राहिले. गोळ्या संपल्यानंतर तीन आठवड्यांत तो वास पुन्हा गेला. या गोळ्या हाडे, रक्तातील साखर आणि डोळे यांवर परिणाम करत असल्यामुळे वारंवार घेता येत नाहीत, हे योग्यच आहे. पण त्या थोड्या दिवसांच्या साबणाच्या वासाने एक गोष्ट सिद्ध केली होती, की माझ्या गंधपेशी संपलेल्या नव्हत्या. ही बाब माझ्या कागदपत्रांत कुठेही नोंदवली गेली नाही, कारण वास नोंदवण्यासाठी त्यांत रकानाच नव्हता.

आता उपचारांतही बदल होत आहे. मांसांकुरांसह असलेल्या जुनाट सायनसदाहात बहुधा इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 हे संदेशवाहक आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आघाडीवर असतात. त्यांतील 4 आणि 13 यांचा मार्ग रोखणाऱ्या ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला 2019 मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली, आणि त्याच्या चाचण्यांत रुग्णांची गंधक्षमता लक्षणीय सुधारली. हे औषध सरसकट सर्वांसाठी नाही. नाकातला फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हीच पहिली पायरी राहते. तरी सुधारणा झाली असे म्हणता आले ते चाचण्यांत वास मोजला गेला म्हणूनच.

आणि तो मोजणे मुळीच अवघड नाही. माझी चाचणी झाली तेव्हा समोर वासाच्या पेनांची एक पेटी होती. टोपण काढून पेन क्षणभर नाकाखाली धरले जाई आणि चार शब्दांतून एक निवडायला सांगितले जाई. बाराव्या पेनापर्यंत मी केवळ अंदाजाने बोटे दाखवत होते. बारापैकी तीन उत्तरे बरोबर आली, म्हणजे न हुंगता कोणालाही जमतील तेवढीच. पण त्या दिवशी माझ्या व्यथेला पहिल्यांदा एक आकडा मिळाला, आणि पुढे शस्त्रक्रियेनंतर तो वाढून सातवर गेला तेव्हा फरक पडला आहे हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही.

माझी आग्रहाची विनंती डॉक्टरांना आणि रुग्णांना, दोघांनाही आहे. शस्त्रक्रियेत काढलेले मांसांकुर निदानापुरते तपासून बहुतेक वेळा टाकून दिले जातात. रुग्णाने समजून-उमजून संमती दिली तर ते संशोधनाला देता येतात, आणि खुद्द गंध-अस्तरातील पेशीसुद्धा दुर्बिणीच्या मदतीने बारीक ब्रशने गोळा करता येतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जे कळले ते माणसात कितपत लागू पडते, हे ठरवायला असे नमुने लागतात. परंतु ज्या नमुन्यासोबत त्या माणसाला वास किती येत होता याची नोंद नाही, तो गंधाच्या अभ्यासकाला अर्धाच उपयोगी पडतो. पेशींत काय बिघडले ते दिसेल, पण त्या बिघाडाने रुग्णाचे काय हिरावले ते कळणार नाही. म्हणून पहिल्या भेटीला, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर, अशी निदान तीन वेळा गंधक्षमता मोजून कागदावर यावी. आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी, काढलेल्या ऊतीचे पुढे काय होणार, हे सही करण्याआधी अवश्य विचारावे. मी विचारले, आणि माझ्या संमतिपत्राला त्याच दिवशी एक पान जोडले गेले.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक