अहवालात हिरवी खूण, मांजरीच्या जिभेवर फोड

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
पाळीव प्राण्यांची रक्त तपासणी

विषय: मांजरीच्या अँटीबॉडी तपासणीवरील दिशाभूल करणाऱ्या शेऱ्याबाबत

महोदय,

लस आत्ता टोचायची की वर्षभर थांबायचं, हे ठरवण्यासाठी मार्चमध्ये आमच्या चिंगीचं रक्त तुमच्याकडे तपासलं. पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या मांजरांच्या विषाणूजन्य आजारांच्या तीन ओळी, तिन्हींपुढे सारखीच हिरवी खूण आणि खाली शेरा: ‘संरक्षित. बूस्टरची गरज नाही.’ आम्ही थांबलो.

मे महिन्यात मुलानं गल्लीतलं शिंकणारं पिल्लू उन्हातून उचलून घरात आणलं. आठवडाभरात चिंगी लाळ गाळू लागली. सुकटीचा डबा उघडला की ही एरवी गच्चीवरून धावत येते. त्या दिवशी आली, वास घेतला, तोंड फिरवलं आणि लंगडत कूलरखाली जाऊन बसली. जिभेच्या टोकाशी मसुराएवढा लालभडक फोड होता. डॉक्टरांना पाहताक्षणी कॅलिसीची शंका आली, घशाच्या स्वॅबमध्ये तोच निघाला.

तुमच्या माणसाला फोन केला, तर म्हणे, “मॅडम, अँटीबॉडी होत्याच, तपासणी चुकलेली नाही.” असेलही. पण कुठल्या कॅलिसीविरुद्धच्या? हा आरएनए विषाणू आहे. स्वतःच्या नकला काढताना तो सारख्या चुका करतो आणि त्यातून बदलत राहतो. त्याच्या कवचावर जिथे अँटीबॉडी धरते, नेमका तोच भाग सगळ्यांत जास्त बदलतो. त्यामुळे एका वाणाविरुद्धची अँटीबॉडी गल्लीतल्या दुसऱ्या वाणाला अर्धवट अडवते, कधी अडवतही नाही. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू फारसा बदलत नाही, तिथे तुमची हिरवी खूण शोभते. हर्पिसमध्येही नुसत्या अँटीबॉडीवर भरवसा ठेवता येत नाही. मग तिघांना एकच शेरा कसा?

लस दिली असती तर चिंगी आजारी पडलीच नसती, असं मी म्हणत नाही. कॅलिसीची लस संसर्ग रोखत नाही, त्रास कमी करते, एवढं मलाही आता कळलंय. पण तो कमी त्रास तरी तिच्या वाट्याला आला असता. पाच दिवस तिला सिरिंजनं पातळ खाणं भरवलं, अजूनही तिला दुसऱ्या मांजरापासून वेगळं ठेवलंय, कारण बरं वाटल्यावरही महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ घशातून विषाणू बाहेर पडत राहतो. आणि सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही म्हणे, फरशी ब्लीचनं पुसावी लागते. हे अहवालासोबतच्या पत्रकात का नाही?

तपासणीचे पैसे परत करा. अहवालात कॅलिसीपुढचा ‘संरक्षित’ हा शब्द काढा आणि कोणता वाण वापरून तपासता ते छापा. ज्यांना असा अहवाल दिलाय त्यांनाही कळवा, त्यांच्या मांजरी अजून बिनलशीच्या असतील. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली ग्राहक,
धरमपेठ, नागपूर

सोबत: अहवालाची प्रत, स्वॅबचा निकाल, चिंगीच्या जिभेचा फोटो (जरा हललाय, ती धरू देत नव्हती)