तीस टक्के कशाचे, ते तरी नीट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गांजा ओढणाऱ्या दर तिघांत एकाला स्किझोफ्रेनिया’ हा आपल्या कालच्या अंकातला मथळा वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघीजणी सकाळीच दाराशी हजर. चौकशी करायला! तेव्हा हे पत्र लिहिणे भाग आहे.

डेन्मार्कच्या २०२३ मधल्या ज्या संशोधनावर बातमी बेतली आहे, त्यातले ३० टक्के गांजा ओढणाऱ्यांचे नाहीतच. २१ ते ३० वयाच्या पुरुषांत स्किझोफ्रेनियाचे जेवढे रुग्ण असतात, त्यांपैकी फार तर ३० टक्क्यांचा आजार गांजाचे व्यसन नसते तर टळला असता, असा तो अंदाज आहे. उरलेल्या ७० टक्क्यांचे खापर गांजावर फोडता येत नाही, हेही त्यातच आले. बायकांमध्ये तर हा आकडा पुष्कळच खाली उतरतो. टक्केवारी शाळेतच शिकवतात, वार्ताहरांना विसर पडला असावा.

गांजाची वकिली मी करत नाही. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षे माग ठेवला, तेव्हा पन्नासहून जास्त वेळा ओढलेल्यांत हा आजार सहापट निघाला. तो निष्कर्ष १९८७ चा. २०१९ च्या युरोपातल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याचा, धोका तिप्पट आणि जहाल माल रोज ओढणाऱ्यांना जवळपास पाचपट दिसला. पोरांनी हात लावू नये, हेच खरे. पण ज्यांच्या रक्तातच या आजाराचा धोका आहे, ती मुले गांजाकडे वळण्याचा संभवही जास्त, असे जनुकांचे अभ्यास सांगतात. ते आपल्या चार रकान्यांत मावले नाही. चिलीम ओढणाऱ्या साधूचा फोटो मात्र ऐसपैस मावला.

माझ्या मुलाचेच सांगते. बारावीपासून बातम्या लागल्या की तो टीव्ही बंद करायचा. निवेदिका माझ्याबद्दल बोलते, म्हणायचा. पंख्याच्या रेग्युलेटरवर, चार्जिंगच्या पॉइंटवर चिकटपट्ट्या लावून ठेवायचा. होस्टेलवर गांजा एकदोनदा ओढला, तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ज्या रात्री त्याला अॅडमिट करावे लागले, तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ विचारले आणि ह्यांनी खरे ते सांगून टाकले. माझ्या चुलत सासऱ्यांना हाच आजार होता, आणि त्यांनी जन्मात सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकले नव्हते, हे मी शेजारी उभी राहून सांगत होते. ते कुणी लिहून घेतले नाही. डिस्चार्ज कार्डावर आले, ‘गांजामुळे?’ पुढे प्रश्नचिन्ह होते, एवढा तरी डॉक्टरांचा विवेक. विमा कंपनीच्या पत्रात तेही गळाले. ‘व्यसन व त्याचे परिणाम’ पॉलिसीत बसत नाहीत, सबब क्लेम नामंजूर. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. तो कागद पुढे केला तर काउंटरवरचे साहेब म्हणतात, ‘मॅडम, हे आजारात येत नाही, व्यसनात येतं.’ आता कालचे आपले कात्रणही त्यांच्या फाइलला लागेल.

हे काही आजचे नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी कमिशन नेमले होते. वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ साली गांजाच्या नावावर २२२ रुग्ण दाखल दाखवले होते. कमिशनने एकेकाची चौकशी केली, तर त्यातले शंभरही टिकले नाहीत. कारणाचा रकाना भरायचा असे आणि गांजा लिहिले की तो भरला जाई. आमच्या कार्डावरचा रकानाही तसाच भरला.

जाता जाता आणखी एक. होळीच्या पुरवणीत थंडाईच्या कृतीत आपणच ‘भांग (ऐच्छिक)’ छापले होते. त्याच झाडाची पाने ती. तेव्हा डेन्मार्क आठवला नाही वाटते!

खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावा. आतल्या पानावर निविदा सूचनांच्या खाली नको. माझे नाव मात्र छापू नये, घरात लग्नाची मुलगी आहे.

– एक आई, डोंबिवली (पूर्व)