गॅरेजची जुनी लाकडी दारे भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून दसरा-दिवाळीच्या रंगरंगोटीचे दिवस आले, की डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणे या भागांतल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकाबाहेर सागवानी झडपा आणि खिडक्यांच्या चौकटी भंगारवाल्याची वाट पाहत भिंतीला टेकवलेल्या दिसतात. बहुतेकदा त्या मागच्या अंगणातल्या मोटार गॅरेजच्या असतात. घराच्या दर्शनी दाराला हात लावण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो; गॅरेजच्या दाराचा तेवढा विचार होत नाही. खालची वीतभर फळी कुजली, झडप फरशीला घासू लागली, की लोखंडी शटर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सुचवल्या जातात आणि घरमालक मान डोलावतो. आमच्या गॅरेजची दारे आणि खिडकी माझ्या मुलीने व मी मिळून घरीच बदलली. हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे आणि जुन्या लाकडाचा बहुतांश भाग त्यात वाचतो, हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

हे लाकूड साधे नाही. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या बांधकामांत ब्रह्मदेशी साग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्या व्यापारातली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली होती. दुसरा चांगला साग आपल्याच चांदा (चंद्रपूर)-बल्लारशाच्या जंगलांतला, ज्याला लाकूडबाजारात आजही ‘सीपी टीक’, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) साग म्हणतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले ते याच बल्लारशाहून. जुन्या सागात गाभ्याचा भाग जास्त असतो, आणि वाळवीला व बुरशीला दाद न देण्याचा गुण या गाभ्यात असतो. सालीजवळच्या फिकट लाकडात तो नसतो. लागवडीतल्या कमी वयाच्या झाडांपासून कापलेल्या आजच्या फळ्यांत हे फिकट लाकूड पुष्कळ येते, त्यामुळे जुने दार मोडून नवे घेणारा बऱ्याचदा चांगले लाकूड देऊन हलके लाकूड विकत घेतो.

म्हणून आधी तपासणी करावी. जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक झडपेच्या व चौकटीच्या तळापासून वर टोचत जावे. जिथे ते सहज आत शिरते तिथे लाकूड गेले आहे, जिथे अडते तिथे शाबूत आहे. गॅरेजच्या दारांत बहुधा तळाचा वीत-दीड वीत भागच गेलेला आढळतो, कारण जमिनीवरून उडणारे पावसाचे पाणी तिथे बसते आणि फळीची कापीव टोके ते पाणी शोषून घेतात. चौकटीचे पाय कुजतात ते नंतरच्या दुरुस्तीत कोणीतरी त्यांच्याभोवती सिमेंट भरल्यामुळे. आत शिरलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाटच उरत नाही. मातीच्या बारीक नळ्या चौकटीवर चढलेल्या दिसल्या तर वाळवी जमिनीतून येत आहे, आणि तिचा बंदोबस्त आधी केल्याशिवाय नवे लाकूड बसवणे व्यर्थ आहे.

चौकटीचा पाय बदलताना कुजलेला भाग आडवा सरळ न कापता तिरका कापावा, आणि हा छेद बाहेरच्या बाजूला उतरता असावा, म्हणजे सांध्यावरचे पाणी आत न मुरता बाहेर वाहून जाते. त्याच मापाचा जुन्या सागाचा तुकडा पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने आणि दोन-तीन लांब स्क्रूंनी जोडावा, आणि त्याचे टोक फरशीपासून बोटभर वर ठेवावे. हातकरवत, पटाशी, रंधा, गुण्या, ओळंबा एवढी हत्यारे पुरतात.

झडपच नवी करायची असेल तर मापाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी, उंची दोन्ही कडांना घ्यावी, आणि दोन्ही कर्णही मोजावेत; कर्ण सारखे नसतील तर चौकट तिरकी झालेली आहे, आणि काटकोनात केलेली झडप तीत नीट बसणार नाही. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून उन्हाळ्यात तंतोतंत बसवलेले दार जुलैत अडते, आणि म्हणूनच फळ्यांच्या सांध्यांत थोडी जागा सोडावी लागते. फळ्या एकमेकींना गोंदाने चिकटवून टाकल्या तर त्या पहिल्याच पावसाळ्यात ताण घेतात आणि नंतरच्या उन्हाळ्यात तडकतात.

झडपेच्या मागच्या बाजूला बसवायच्या तिरक्या पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ती उलटी बसवलेली अनेक दारे मी पाहिली आहेत. आडव्या पट्ट्यांना जोडणारी ही लाकडी पट्टी खाली बिजागरीच्या बाजूला सुरू होऊन वर मोकळ्या कडेकडे गेली पाहिजे. तशी बसवली की झडपेच्या मोकळ्या बाजूचे वजन तिच्यातून दाबाच्या रूपाने खालच्या बिजागरीवर उतरते. उलटी बसवली तर त्याच वजनाने ती ओढली जाते, सांधे उघडू लागतात आणि दार लोंबून फरशीला घासते. दार घासते म्हणून खालून रंधा मारला जातो, आणि खरा दोष तसाच राहतो. सव्वा इंच जाडीच्या सागाची चार फूट रुंद आणि सात फूट उंच झडप पन्नास-साठ किलोंच्या घरात जाते. तिला लांब पट्टीच्या मजबूत बिजागऱ्या हव्यात, स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडायला हवे, आणि ती चढवताना दोन माणसे व खाली पाचरी हव्यातच.

खिडकीचे काम तुलनेने सोपे आहे. तावदानाची काच खाचेच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान कापून घ्यावी. काच पक्की करणारी लांबी (पुटी) भरण्याआधी खाचेला प्रायमरचा हात द्यावा. कोरडे लाकूड लांबीतले जवसाचे तेल ओढून घेते आणि मग ती सुकून तुकड्यातुकड्यांनी गळते. खिडकीच्या खालच्या बाहेर आलेल्या पट्टीला तळाच्या अंगाने एक उथळ खाच मारली, तर पाण्याचा थेंब भिंतीकडे न सरकता तिथेच तुटून खाली पडतो. जुन्या सुतारांच्या कामात ही खाच आवर्जून असे.

एक इशारा मात्र गांभीर्याने द्यायचा आहे. जुन्या तेलरंगांत शिशाचे प्रमाण मोठे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर नव्वद पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग संशयास्पदच धरावा. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये आणि आगीने जाळू नये. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडावा, मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून कचरा त्यातच गुंडाळावा, आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. दुसरे असे, की चौकटीवर स्वतंत्र तुळई वा लिंटल नसून भिंतीचा भार थेट चौकटीवरच आलेला दिसला, तर तिला हात न लावता स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. तिथे स्वतः करण्याचा आग्रह मी मुळीच धरणार नाही.

असे केल्याने सुतारांच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप मी ऐकला आहे. माझा अनुभव वेगळा आहे. दोन पाय आणि एक झडप एवढ्या कामासाठी चांगला मिस्त्री सहसा येत नाही, आणि आला तरी त्याचा दिवस फुकट जातो. आम्ही आडव्या पट्ट्यांचे अवघड कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारी टोके) एका जाणत्या सुताराकडून करून घेतले, त्याला त्याचा योग्य मोबदला दिला, आणि उरलेले काम स्वतः केले. त्याच्याशेजारी उभे राहिल्यावरच त्या कामाची खरी किंमत कळली.

सामान मिळणेही अवघड नाही. लाकडासाठी भवानी पेठेतला टिंबर मार्केट आहे, कड्या-कोयंडे व स्क्रू बोहरी आळीत मिळतात, आणि जुन्या ओतीव बिजागऱ्या हव्या असतील तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. उणीव आहे ती शिकण्याच्या जागेची. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम शिकवले जाते, पण मुख्यतः पूर्ण वेळ प्रवेश घेणाऱ्यांना. या संस्थांनी आपल्या कार्यशाळा रविवारी नागरिकांसाठी माफक शुल्कात उघडाव्यात, आणि तिथे निवृत्त सुतारांना मानधनावर शिकवायला बोलवावे, अशी माझी शासनाच्या कौशल्य विकास विभागाला विनंती आहे. आपल्या दैनिकाने वास्तुविषयक पानावर दुरुस्तीसाठी एक कायमचा स्तंभ ठेवला, आणि तो पावसाळ्याच्या निदान महिनाभर आधी सुरू केला, तर अनेकांना यंदाच आपली दारे तपासता येतील.

आपला विश्वासू,
एक वाचक
एरंडवणे, पुणे