धारपांची जुनी पुस्तके रद्दीत घालू नका, आम्हाला द्या

सस्नेह नमस्कार.

मराठीतले भयकथालेखक नारायण धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा. जन्मशताब्दीच्या निमित्ताने आमच्या वाचनालयातले त्यांचे कपाट उघडले. पाने तपकिरी पडलेली, शिवण सुटलेली, पिना गंजलेल्या. एका कादंबरीची तर शेवटची पानेच गायब! मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेय, ‘पुढे काय झाले?’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘वाईट झाले.’

ही पुस्तके वाचून वाचून फाटली आहेत. शंभराहून अधिक पुस्तके लिहूनही समीक्षकांनी धारपांना फारसे दारात उभे केले नाही. वाचकांनी मात्र ती बिछान्यात पांघरूण घेऊन वाचली. परदेशी कल्पना ते घेत, हे खरे. त्यांच्या ‘लुचाई’ या कादंबरीमागे अमेरिकी भयकथालेखक स्टीफन किंगची कादंबरी आहे. पण त्यांच्या गोष्टीतला वाडा, आळी, माणसांचे बोलणे सगळे आपल्याकडचे, आणि अघोरी शक्तींशी झुंजणारे त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र तर अस्सल मराठी. भीती आपल्याच माजघरात आणून बसवणे हे काम सोपे नाही, असे आमचे मत.

१८ ऑगस्ट २००८ रोजी ते गेले. त्यांच्या कथांचा धाक मात्र टिकून आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने धारपांची एक कथा सांगितली. ती डोक्यात बसली आणि २०१८ साली त्यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर आला.

तर विनंती अशी: माळ्यावर, ट्रंकेत धारपांचे पुस्तक असेल तर वाचनालयात आणून द्या. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, दोन फाटक्या प्रतींतून एक पूर्ण प्रत होते. जुन्या दिवाळी अंकात त्यांची कथा असेल तर तोही हवा. पुस्तक परत हवे असल्यास आत तशी चिठ्ठी ठेवा. स्कॅन करून मोबाइलवर फिरवण्याचा आमचा विचार नाही. हक्क ज्यांचे त्यांचेच.

ज्यांच्याकडे पुस्तके नाहीत त्यांनी फूल ना फुलाची पाकळी द्यावी. त्यातून जुन्यांची बांधणी करू आणि बाजारात मिळतात त्या नव्या आवृत्त्या विकत घेऊ. एका पुस्तकाच्या बांधणीचा खर्च उचलणाऱ्याचे नाव त्याच्या आतल्या पानावर लिहू. यादी करायला सुवाच्य अक्षराची दोन-चार मुलेही हवी आहेत. देणगी रोख असो वा धनादेशाने, पावती आठवणीने घ्या. वाचनालय सायंकाळी उघडे असते.

– कार्यकारी मंडळ