फुलपात्र आधी मनात उचला, मग हाताने

संपादक महोदय,

पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात नुसत्या विचाराने हलू लागतो, असा समज पसरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. या अर्ध्या माहितीवर विसंबून काही रुग्ण व्यायाम सोडून डोळे मिटून बसतात, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत स्टीफन पेज आणि सहकाऱ्यांनी २००७ साली, पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्धा तास व्यायाम होता. त्याला मनातल्या सरावाची (तीच हालचाल मनात करून पाहण्याची) जोड मिळालेल्यांचे गुण हाताच्या ५७ गुणांच्या चाचणीत सरासरी ७.८ ने वाढले. ज्यांना व्यायामासोबत फक्त शिथिलीकरण दिले, त्यांचे ०.४ ने. याउलट २०११ मधल्या १२१ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत मनातला सराव प्रत्यक्ष हालचालीशी जोडलेला नव्हता. तिथे नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०२० चा आढावाही (२५ चाचण्या, ६७६ रुग्ण) इतर उपचारांना जोड म्हणूनच याची बाजू घेतो.

घरी करायचे ते असे. खुर्चीत पाठ टेकून बसावे, दुबळा हात टेबलावर उशीच्या आधाराने ठेवावा. पाच मिनिटे श्वास संथ होऊ द्यावा. मग वीसेक मिनिटे एकच काम घ्यावे, समजा पाण्याचे फुलपात्र उचलणे. खांदा पुढे जातो, कोपर उलगडते, मनगट वर होते, बोटे उघडतात, स्टीलचा गारवा लागतो, वजन जाणवते. शेवटी फुलपात्र ठेवून बोटे सोडायची. पकडण्यापेक्षा सोडणे अवघड असते, म्हणून हा टप्पा गाळू नये. घरच्यांनी हे टप्पे सावकाश आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यावेत. त्यानंतर लगेच तेच काम, जितके जमेल तितके, खऱ्या हाताने करावे.

चुकते कुठे? बहुतेक जण स्वतःला समोरून, टीव्हीवर पाहावे तसे पाहतात. हालचाल आतून जाणवली पाहिजे, आणि ती दुबळ्याच हाताची. नकळत चांगलाच हात डोळ्यांसमोर येतो. कोणी मनातल्या मनात भराभर उरकतो, कोणाला डुलकी लागते. यासाठी घड्याळ लावावे: रुग्णाने ‘सुरू’ आणि ‘झाले’ म्हणावे, बोलता येत नसेल तर चांगल्या हाताचे बोट उचलावे. प्रत्यक्षात आठ सेकंद लागणारे काम मनात दोन सेकंदांत उरकत असेल, तर तो सराव नव्हे. कल्पना करताना मूठ आवळली जात असेल किंवा खांदा कानाकडे चढत असेल तर थांबून हात सैल करावा. खांदा दुखत असेल तर दुखणारी हालचाल वगळून बोटांचे काम निवडावे.

सर्वांनाच हे जमत नाही. मेंदूच्या पार्श्व खंडाला (पॅरायटल लोब) इजा झालेल्या अनेकांना मनातली हालचाल नीट मांडता येत नाही. शरीराची एक बाजू विसरणाऱ्यांना आणि सूचना न कळणाऱ्यांनाही अडचण येते. त्यांना आग्रह करू नये.

रुग्णालयांना एक विनंती. घरी सोडताना कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी कोणते काम, मनात किती वेळा, हाताने किती वेळा आणि ते कधी बदलायचे, हे थेरपिस्टकडून लिहून द्यावे.

– एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुणे