तपकिरी न झालेली स्लाइड

मॅडम,

सप्रेम नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं मॅडम लिहिते. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना आम्ही पेढे दिले, वॉर्डातल्या सिस्टरांच्या पाया पडलो. काढलेला तुकडा तपासणाऱ्या तुमच्या पॅथॉलॉजीच्या दारापर्यंत मात्र पेढे घेऊन कुणी येत नाही. माझ्या भावाला तर तुम्ही अजून पाहिलेलंही नाही. तरी तुम्ही त्याच्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळलंच पाहिजे, म्हणून हे उघड पत्र.

भाऊ ३६ वर्षांचा, वायरमन. रात्री जेवता जेवता त्याचा उजवा हात थडथडायला लागला आणि ताटावरच आकडी आली. एमआरआय, ऑपरेशन सगळं आठवड्याभरात उरकलं. रिपोर्ट आला तीन ओळींचा: ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली गाठ, ग्रेड ३, आयडीएच निगेटिव्ह, म्हणजे आयडीएच नावाच्या जनुकात बदल दिसला नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, निगेटिव्ह आहे, तेव्हा सगळ्यात वाईट प्रकार धरून चाला, वर्ष-सव्वा वर्ष. आणखी काही तपासायचं का विचारलं, तर म्हणाले, त्याने काय फरक पडणार? ते वाक्य ऐकून मी जिन्यात बसून रडले.

मग स्लाइड आणि ब्लॉक मागून घेतला. ब्लॉक म्हणजे एवढासा मेणाचा ठोकळा, प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेला, आत नखाएवढा करडा ठिपका. भावाच्या मेंदूतला तुकडा. मे महिना होता. मेण आहे, उन्हात ठेवू नका, असं लॅबवाल्याने बजावलं होतं. सांगलीहून महालक्ष्मीने निघाले तेव्हा रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातला आणि रात्रभर डबा पोटाशी धरून बसले. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पिशवी टाकली आणि तशीच परळला तुमच्याकडे आले.

तुम्ही रिपोर्ट वाचलात, स्लाइड लावलीत आणि बराच वेळ गप्प राहिलात. मग मला दुसऱ्या बाजूच्या भिंगातून बघायला लावलंत. नातेवाइकाला कोण असं दाखवतं? मधे गोल काळसर केंद्र, भोवती पांढरं वलय, हाफ-फ्राय अंडी एकाशेजारी एक मांडावीत तसं. म्हणालात, "या पेशी त्या निगेटिव्हशी जुळत नाहीत." मग नुसत्या बोटांनी टेबलावर आकृत्या काढत समजावलंत. आयडीएचच्या रंगाची तपासणी एकच बदल ओळखते, आयडीएच१ मधला आर१३२एच. तो असेल तर स्लाइड तपकिरी होते. आयडीएच बदललेल्यांत दहातल्या नऊ जणांना तोच बदल असतो, पण उरलेल्या एकाची स्लाइड कोरीच राहते आणि त्याला निगेटिव्ह म्हणून घरी पाठवतात. पेशंट पंचावन्नच्या आतला आहे, नुसत्या रंगावर थांबायचं नाही, जनुक वाचायलाच हवं, हे तुम्ही चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलंत. एटीआरएक्स या दुसऱ्या प्रथिनाचा रंग शाबूत होता, तेही तुम्ही ध्यानात घेतलं होतंत. खर्चासाठी समाजसेवा विभागात तुम्ही स्वतः फोन केलात.

ते दिवस कसे गेले ते सांगत नाही.

रिपोर्ट आला: आयडीएच२, आर१७२के. बदल होता, फक्त त्याच्यासारख्याच दुसऱ्या जनुकात. मग तुम्ही संगणकावर फिशचा, म्हणजे गुणसूत्रांचे तुकडे चमकत्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या तपासणीचा, फोटो उघडलात. काळ्या पडद्यावर निळ्या पेशी, आत ठिपके. निरोगी पेशीत दोन हिरवे, दोन लाल. भावाच्या पेशींत हिरवे दोन आणि लाल एकच. पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात आणि एकोणिसाव्याचा लांब हात, दोन्हींची एकेक प्रत गळालेली. मी स्वतः बोट ठेवून ठिपके मोजले. गाठीचं खरं नाव निघालं ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे नाव द्यायचं तर आयडीएचचा बदल आणि गुणसूत्रांची ही गळती, दोन्ही दाखवावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. मेंदूच्या गाठीत आयडीएच बदलतो हे २००८ मध्ये उजेडात आलं. त्याआधी भाऊ आजारी पडला असता तर तुम्हीही काय तपासणार होतात?

नाव बदललं तशी उपचाराची दिशा बदलली. रेडिएशन झालं, मग प्रोकार्बाझिन, लोमस्टिन आणि शिरेतून व्हिन्क्रिस्टिन. याच प्रकारच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचा निकाल तुम्ही आम्हाला वाचून दाखवलात. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण ७.३ वर्षांपलीकडे जगले, या औषधांची जोड मिळालेल्यांत तोच आकडा १४.७ होता. आणि लगेच म्हणालात, "बरा झाला असं मी म्हणणार नाही. पण घाई करून निरोप घेऊ नका." सव्वा वर्षाचा हिशेब घेऊन आलेल्या बाईला हे केवढं होतं, मॅडम!

एक गोष्ट मात्र माझ्या आईच्या वतीने लिहायची आहे. भावाच्या वेळी दिवस गेलेले असताना तिने ग्रहण पाळलं नव्हतं. जनुकात दोष आहे हे कळल्यापासून तिने ते मनाला लावून घेतलं, जेवण तोडलं. तिचं दुसरं भय नातींचं होतं, पोरींच्या अंगात हे उतरलं असेल तर? मी चाचरत विचारलं आणि तुम्ही फोन स्पीकरवर लावायला सांगितलंत. "आजी, हा बदल जन्माचा नाही. तो मोठा झाल्यावर त्या एका पेशीत झाला आणि गाठीतच राहिला. तुमच्याकडून आला नाही, मुलींकडे जाणार नाही." पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, "परत सांग गं बाय." तुम्ही परत सांगितलंत, तितक्याच सावकाश. त्या रात्री ती भाकरी खाऊन झोपली.

औषधाचा शेवटचा कोर्स श्रावणात संपला. हात अजून जड आहे, खांबावर चढायला बंदी आहे, पण धाकटीला सायकल शिकवताना तो तिच्यामागे चालतो. एमआरआय वेळच्या वेळी चालू आहे. पुढे नवी तपासणी निघाली तर लागेल म्हणून ब्लॉक जपायला सांगितला होतात. तो आईच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी, त्याच स्टीलच्या डब्यात आहे. उन्हाळ्यात ती डबा खालच्या कप्प्यात सरकवते.

आपली कृतज्ञ,
सांगलीची ताई