परदेशातल्या बालगृहात सेवेला जाणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी वाचावं म्हणून

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातली काही तरुण पोरंपोरी मे महिन्याच्या सुट्टीत नेपाळमधल्या एका बालगृहात सेवेला चाललीत अशी छोटी बातमी आली होती. त्यावर दोन पत्रं पण छापून आली, एकात नुसतं कौतुक आणि दुसऱ्यात ही सगळी बाटवाबाटवी आहे असा सूर. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, मराठी ख्रिस्ती घरातली, आणि काठमांडूत एका बालगृहात मिशनरी म्हणून काही वर्षं राहून काम केलेली बाई आहे. तिथं राहून माझं एक मत पक्कं झालंय. बालगृहात सेवेला गेलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे तिथलं एकेक पोर त्याच्या स्वतःच्या घरी परत पोचवणं, बाकीचं सगळं त्याच्यानंतर. कौतुक करणाऱ्यांनी आणि नावं ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही ह्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही.

आधी धर्मांतराचं बोलते, कारण ते टाळलं तर लोक म्हणणार बाई मुद्दा चुकवतेय. नेपाळच्या 2015 च्या घटनेतच दुसऱ्याचा धर्म बदलायला लावण्यावर बंदी आहे, आणि 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या तिथल्या नव्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाली की देशाबाहेर. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं की ज्या पोराला तिथून उठून घरी जायची सोय नाही त्याला "तुझी इच्छा असेल तर प्रार्थनेला ये" असं सांगण्याला काही अर्थ नाही, ते पोर जेवण देणाऱ्याच्या मागं मागं येणारच. आमच्यातली काही मुलं बौद्ध घरातली होती, बरीच हिंदू घरातली. दसैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, त्यांच्या कपाळाला टीका म्हणजे टिळा लागला पाहिजे आणि तो त्यांच्या आजीच्या हातून लागला पाहिजे असं मी तिथं भांडून सांगायची. माझी श्रद्धा माझ्याजवळ होती. तिथं रविवार कामाचा दिवस असल्यामुळं चर्च शनिवारी भरायचं, मी शनिवारी उपासनेला जायची आणि आठवडाभर पोरांच्या डोक्यातल्या उवा काढायची, आणि दोन्ही मी प्रभूचीच सेवा समजून केलं.

मिशनरी म्हटलं की लोकांना बायबल हातात घेऊन उभा राहिलेला माणूस दिसतो. बालगृहातला दिवस तसा नसतो हो. उवा, खरूज, एकाच पायातला मोजा, शाळेची फी, रात्री अंथरूण ओलं करणारी मोठी मोठी मुलं आणि त्यांची ती लाज, सकाळी शाळेच्या आधी डाळभात, मधल्या वेळी चिउरा म्हणजे आपले पोहेच पण कोरडे, संध्याकाळी परत डाळभात आणि रायोचा साग म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी. देवनागरी लिपी असल्यामुळं आपल्या माणसाला पाट्या वाचता येतात, 1950 च्या करारामुळं व्हिसा लागत नाही, गोवा एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून गोरखपूर आणि सुनौलीचा बॉर्डर ओलांडला की झालं. म्हणून आपल्याकडच्या चर्चच्या मंडळ्यांना नेपाळ सोपं वाटतं. जाणं सोपंच आहे.

आता पंधरा दिवसांच्या ट्रिपचं. नवीन माणूस गेटातून आत आला की बारकी पोरं पळत येऊन कमरेला मिठी मारतात, मांडीवर चढून बसतात, पाच मिनिटांत दिदी दिदी सुरू. बघणाऱ्याला भरून येतं, फोटो काढले जातात, किती प्रेमळ मुलं म्हणून स्टेटसला टाकले जातात. पण तुमच्या घरातलं चार वर्षाचं पोर अनोळखी माणसाच्या मांडीवर असं जाऊन बसतं काय? नाही बसत, आईच्या पदराआड लपतं, आणि तेच बरोबर आहे. कुणाच्याही गळ्यात पडणारं पोर हे एका माणसाचं न झालेलं पोर असतं. रुमानियात 2000 सालापासून शास्त्रज्ञांनी अनाथालयातल्या मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात संस्थेत राहिलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि मेंदूचं कामकाज सुद्धा मागं पडलेलं दिसलं, आणि ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आत एखाद्या कुटुंबात ठेवलं ती बरीच सावरली. आता विचार करा, त्या पोरांकडं दर महिन्याला नवीन दिदी आणि नवीन दादा येतो, गाणी शिकवतो, रंगपेटी देतो आणि जातो. बस सुटल्यावर "दिदी फेरि कहिले आउने?", म्हणजे दिदी परत कधी येणार, हे विचारत बसलेली पोरं ट्रिपवाल्यांना दिसत नाहीत, ती आम्हाला दिसायची, त्या रात्री कोण जेवायचं नाही आणि कोण कुणाला चावायचं हे आम्हाला ठाऊक असायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही सगळी मुलं अनाथ असतात हेच मुळात खरं नाही. सेव्ह द चिल्ड्रेन संस्थेनं 2009 साली सांगितलंय की जगभरात संस्थांमध्ये राहणाऱ्या पाचातल्या किमान चार मुलांचे आई किंवा वडील किंवा दोघंही जिवंत असतात. नेपाळमध्ये 1996 ते 2006 माओवाद्यांचं युद्ध चाललं तेव्हा हुम्लासारख्या दूर डोंगरातल्या जिल्ह्यांतून दलाल लोक आईबापांकडून पैसे घेऊन पोरं काठमांडूत आणायचे, शिकवतो म्हणून, युद्धात पोरगं ओढून नेतील ह्या भीतीनं आईबाप पण पाठवायचे, आणि इकडं कागदावर बाप मेला, आई मेली असं लिहून पोरगं अनाथ करून टाकायचे. म्हणजे बाप तिकडं शेतात राबतोय आणि फाईलमध्ये त्याच्या मरणाचा दाखला. कारण अनाथ म्हटल्याशिवाय परदेशातून पैसा येत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये 7.8 चा भूकंप झाला तेव्हा हेच परत होईल म्हणून सरकारनं परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि नवीन बालगृहं काढायला पण.

अशा एका बापाला मी बघितलंय. आमच्याकडच्या एका मुलाच्या फाईलमध्ये दोघंही मयत म्हणून लिहिलेलं होतं, संस्थेच्या स्थानिक कार्यकर्त्यानं गावोगाव विचारत विचारत त्याचं घर शोधून काढलं. बाप गावाहून हुम्लातल्या सिमिकोटपर्यंत चालत, तिथून बारक्या विमानानं नेपाळगंज आणि पुढं रात्रभर बसनं आला. ऑफिसात खुर्चीवर बसायलाच तयार नाही, उभाच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत अक्रोड होते. त्यानं मुलाला नावानं हाक मारली तर मुलगा बघेना, कारण शाळेत त्याचं नाव दुसरंच लावलेलं होतं. मग बापानं पुढं होऊन त्याच्या डाव्या कानामागचं केस बाजूला केलं, तिथं लहानपणी चुलीवर पडल्याचा डाग होता, आणि आम्हाला दाखवला, जणू पुरावाच मागितलाय कुणी. कागदावर अंगठा लावताना त्याचा हात एवढा थरथरत होता की शाई पसरली आणि दुसरा कागद काढावा लागला. मुलगा त्या दिवशी गेला नाही. आधी फोन, मग सुट्टीत चार दिवस, मग दसैं, असं करत करत गेला. लगेच उचलून पाठवलं तर पोर तिकडं रुजत नाही, वर्ष जातं, भांडणं होतात, आणि शाळेचा खर्च पुढंही द्यावा लागतो. पण तो गेला, आणि त्याच्यानंतर अजून गेले.

त्या बापलेकाचं पहिल्या दिवशी नीट बोलणं झालं नाही, कारण पोरगं घरची बोली विसरलं होतं आणि बापाला काठमांडूची शाळेतली नेपाळी जमेना. मधे तिसरा माणूस बसून सांगत होता. सीमाभागातल्या वाचकाला ह्यातलं दुःख वेगळं समजवायला नको. 1956 साली आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हापासून आपण घरातली भाषा पोरांच्या तोंडी रहावी म्हणून मराठी शाळांसाठी, पाट्यांसाठी, दाखल्यांसाठी भांडतोय, आजही एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावतो. मग दुसऱ्या देशातल्या पोराची भाषा, नाव, देव, आजी सगळं एका फटक्यात सुटतंय त्या कामाला आपण आपल्या दानपेटीतला पैसा कसा काय पाठवायचा?

कुणी म्हणेल पंडिता रमाबाईंनी केडगावला आश्रम काढलाच की. मी जाताना गाडी केडगाववरून गेली तेव्हा खिडकीतून बघून हात जोडले होते, रमाबाई माझ्या आदर्श आहेत. पण त्यांनी कुणाला आणलं ते बघा. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात ज्यांची घरंच्या घरं उपासमारीनं संपली होती अशा बायका आणि मुली त्यांनी आणल्या, त्यांचे स्वतःचे आईवडील असेच दुष्काळात गेलेले. जिथं घरच उरलं नाही तिथं त्यांनी घर दिलं, आणि छापखाना, विणकाम, शेती असं हाताला काम दिलं म्हणजे पुढं कुणाच्या दारात उभं रहायला नको. आजच्या काठमांडूतल्या पोराला घर आहे, फक्त घरात पैसा नाही आणि गावात चांगली शाळा नाही. दोन्हीला एकच औषध लावून कसं चालेल. आपल्याच भागात बघा, लंडन मिशनची माणसं 1820 साली बेळगावात आली, डॉ. वॉन्लेसनी 1894 साली मिरजेत दवाखाना सुरू केला, तिथं शिकून आणि बरं होऊन माणूस संध्याकाळी किंवा महिन्यानं आपल्या घरीच जायचा. आमच्या आजोबांच्या वेळी मिशनची बोर्डिंगं होती हे खरं, पण सुट्टी लागली की पोरं ट्रंक घेऊन गावाकडं, आणि आईबाप कधीही येऊन भेटणार.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात खरा धर्म कोणता ते सांगताना अनाथ आणि विधवा ह्यांची एकत्रच आठवण केलीय, दोघांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या म्हणून. म्हणजे बाप गेलेलं पोर आणि त्याची आई एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. आपण पोराला उचलून हॉस्टेलात टाकतो आणि त्या आईला विसरतो. आईला दोन शेळ्या, एक शिलाई मशीन आणि पोराची फी दिली असती तर पोर तिच्याजवळच राहिलं असतं, आणि एका पोराला संस्थेत ठेवायला लागतो त्यापेक्षा कमीच पैसा लागला असता. नेपाळचा 2018 चा बालकायदा पण हेच सांगतो, आधी आईवडील, मग नातेवाईक, मग दुसरं कुटुंब, आणि बालगृह सगळ्यात शेवटी.

म्हणून ह्या मे महिन्यात जाणाऱ्या पोरांना, त्यांच्या आईवडिलांना आणि पाठवणाऱ्या पास्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जायच्या आधी त्या बालगृहाला विचारा की तुमच्यातल्या किती मुलांचे आईवडील हयात आहेत, मागच्या वर्षी किती मुलं घरी परत गेली, घर शोधायला तुमच्याकडं पगारी स्थानिक माणूस आहे का, आणि पाहुण्यांना मुलांसोबत एकटं सोडता का. उत्तर देताना चाचरले, किंवा नुसते फोटो आणि स्पॉन्सरशिपचे फॉर्म पाठवले, तर जाऊ नका आणि पैसे पण पाठवू नका. ज्यांना खरंच सेवेची हाक आहे त्यांनी पंधरा दिवसाच्या तिकिटाचे पैसे मुलांना घरी परत पोचवण्याचं काम करणाऱ्या स्थानिक माणसाच्या पगाराला द्यावेत. आणि स्वतः जायचं असेल तर भाषा शिकून, निदान दोनतीन वर्षं रहायच्या तयारीनं, नर्सिंग नाहीतर समाजकार्य शिकून जावं. मुलांना खेळवायला नव्हे, तिथल्या दिद्यांना आणि कार्यकर्त्यांना हातभार लावायला.

आणि ज्यांना एवढं लांब जाणं होत नाही त्यांच्यासाठी इथं काम पडलंय. खानापूर, निपाणी, चिकोडी, सौंदत्ती कुठंही बघा, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, नवरा गेलेल्या बायांची पोरं नाइलाजानं लांबच्या होस्टेलात टाकलेली आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत नवरा गेलेल्या बाईच्या मुलाला घरीच ठेवून वाढवण्यासाठी महिना 4000 रुपयांची मदत आहे, अर्ज जिल्हा बाल संरक्षण घटकाकडं करायचा, मंजुरी बाल कल्याण समितीच्या शिफारशीनं होते, माहिती 1098 वर फोन केला की मिळते. आमच्याकडच्या कितीतरी बायांना ह्याचं नाव सुद्धा ठाऊक नाही, आणि अर्ज कन्नडमध्ये असला की त्या ऑफिसच्या पायरीवरूनच परत येतात. ज्या तरुणांना मे महिन्यात सेवा करायचीय त्यांनी हे फॉर्म भरून द्यायला बसावं, मी स्वतः बसायला तयार आहे. त्या योजनेची माहिती, लागणारे कागद आणि आपल्या जिल्ह्यातल्या ऑफिसचा पत्ता तुम्ही एकदा सविस्तर मराठीत छापावा ही विनंती, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत छापलात तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका